शिबिरं थांबवा, आठवीपासून आठवड्याला दोन तासिका द्या

प्रति,
मा. आयुक्त, आदिवासी विकास, नाशिक;
नाशिक, ठाणे, अमरावती आणि नागपूर इथले अपर आयुक्त;
तसेच सर्व एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांचे प्रकल्प अधिकारी

विषय : आश्रमशाळेतल्या मुलामुलींचं जीवनकौशल्य शिक्षण आणि दहावीनंतरची दोन वर्षं

महोदय,

मार्चअखेरीची चाहूल लागली, निधी खर्ची टाकायची घाई सुरू झाली की आश्रमशाळांच्या अंगणात 'जीवनकौशल्य' अवतरतं. तीन दिवसांचं शिबिर, मागे फ्लेक्स, आत्मविश्वासावर एक खेळ, ध्येय ठरवण्यावर एक व्याख्यान, चहा-बिस्कीट आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र. मुलं हसतात, टाळ्या वाजवतात, अहवालात फोटो जातो. जूनमध्ये त्यातलीच मुलं तालुक्याच्या एखाद्या सायबर कॅफेच्या दारात उभी असतात. अर्ज पुढे सरकत नाही, कारण ओटीपी बापाच्या नंबरवर गेलाय आणि तो नंबर दिवाळीपासून बंद आहे. ध्येय ठरलेलं आहे हो, अडलंय ते ओटीपीपाशी.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे आदिवासी भागात शिकवणारे, दवाखान्यात बसणारे आणि मुलांसोबत अर्ज भरणारे लोक आहोत. मागणी एकच आहे. शिबिरांचे पैसे आणि वेळ काढून घ्या. आठवी ते दहावी आठवड्याला चाळीस मिनिटांच्या दोन तासिका वेळापत्रकात पक्क्या करा आणि त्यांत मुलांकडून खरी कामं करून घ्या. काम खरं हवं. नमुना अर्ज चालणार नाही, मुलाचा स्वतःचा अर्ज हवा. कशासाठी आणि कसं, ते खाली तपशिलानं लिहितो.

सुरुवात नावापासून करू, कारण नव्वद टक्के दुखणी तिथूनच सुरू होतात असं म्हणायची आमची सवय आहे. हा आकडा मोजलेला नाही, वैतागाचा आहे. पहिलीत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहितात. आश्रमशाळेचं जनरल रजिस्टर उघडलं की पानभर १ जून दिसतो. अंगणवाडीच्या वहीत तारीख वेगळी, आधारवर नुसतं वर्ष किंवा १ जानेवारी. मुलाला घरी हाक मारतात ते नाव एक, शाळेत 'सुधारलेलं' नाव दुसरं. आडनावाच्या जागी कधी कुळ, कधी पाड्याचं नाव, कधी आजोबांचं नाव. त्यात मराठीतून इंग्रजीत जाताना प्रत्येक ऑपरेटर आपल्या कानाप्रमाणे स्पेलिंग करतो. मोठा होईपर्यंत एकाच मुलाची तीन-चार रूपं कागदावर फिरत असतात आणि संगणकाला ती तीन-चार वेगळी माणसं वाटतात.

यातलं बरंचसं वेळेत सुधारता येतं आणि वेळ गेली की सुधारता येत नाही, हे शाळांना पुरेसं माहीत नाही. मूल शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली चूक मुख्याध्यापकांच्या प्रस्तावावर आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं दुरुस्त होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती मोठी लढाई होऊन बसते. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून आधी रजिस्टर नक्की करायचं आणि मगच आधार त्याच्याशी जुळवायचं. उलट क्रमानं गेलं की जन्मतारखेची एकुलती एक संधी चुकीच्या तारखेवर खर्च होते. आणखी एक गोष्ट. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद पुन्हा करणं सक्तीचं आहे. हे वय नेमकं नववी-दहावीत येतं, मुलं सगळी एका छपराखाली असतात, तेव्हा आधारचं यंत्र शाळेत दोन दिवस आणून बसवणं सोपं. पण ते राहून जातं आणि शिष्यवृत्तीच्या वेळी ठसा जुळत नाही.

आठवीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं एक पान तयार करावं. उभे रकाने पाच : रजिस्टर, आधार, जन्मनोंद, जातीचा दाखला, बँक पासबुक. आडव्या ओळी : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जमात, आणि नावांचं इंग्रजी स्पेलिंग. जिथे दोन रकाने जुळत नाहीत तिथे लाल पेनानं गोल. या एका पानात भाषा, लेखन, तपासणी आणि हक्क सगळंच येतं. चाळीस मुलांच्या वर्गात लाल गोल किती, हे वर्गशिक्षकाला एका संध्याकाळी कळतं आणि दुरुस्तीला तीन वर्षं हातात राहतात. हीच तीन वर्षं आज वाया जातात.

जमातीच्या रकान्याकडे जास्त लक्ष हवं. जुन्या नोंदींत नुसतं 'हिंदू' किंवा नुसतं 'आदिवासी' लिहिलेलं सापडतं, आणि 'आदिवासी' नावाची जमात अनुसूचीत नाही. माडिया मुलाच्या बापाच्या दाखल्यावर 'गोंड' आणि मुलाच्या दाखल्यावर 'माडिया' असलं की घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पडताळणीच्या टेबलावर मात्र प्रश्न निघतो.

इथून आपण जात वैधता प्रमाणपत्राकडे येतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या अभ्यासक्रमांना ते लागतं, आणि बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्या घरांचे हाल आपल्या कार्यालयांनी पाहिलेले आहेत. विज्ञान शाखेत गेलेल्या मुलानं अकरावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा, आणि कागद शोधायला त्याआधी दोन वर्षं सुरुवात व्हावी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० या दिवशीचं किंवा त्याआधीचं वास्तव्य आणि नोंद पाहिली जाते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर दाखला कुठून येणार? मग गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचे जुने कागद तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावे लागतात. पश्चिम भागात जुन्या नोंदी मोडीत असतात, त्यांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. यासाठी वंशावळ लागते, आणि वंशावळ ही तर मुलांनी घरी म्हाताऱ्यांपाशी बसून लिहायची गोष्ट. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ म्हणून ती द्यावी : पणजोबांपासून खाली, बायकांची नावंसुद्धा, आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा कोणता कागद घरात आहे ते.

वंशावळ लिहिताना आणखी एक धागा हाती लागतो. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाला आधीच वैधता मिळाली असेल तर तो सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो. पाड्यावर एखादा चुलता, चुलत भाऊ पोलिसात किंवा एसटीत लागलेला असतो, त्याच्याकडे ते प्रमाणपत्र असतं आणि बाकीच्यांना पत्ता नसतो. शाळेनं पाड्यांप्रमाणे अशी यादी करून ठेवली तर वैधतेचं निम्मं काम झालं. आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती विचारून जमात पडताळणं, ही एकमेव कसोटी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. चौकशीला येणाऱ्या माणसापुढे 'तुमच्या लग्नाच्या चालीरीती सांगा' या प्रश्नानं गांगरून जाणाऱ्या पोरांना हे माहीत असायला हवं. आणि जाता जाता : अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. तरी 'तेपण काढून आण' असं सांगून मुलांना परत पाठवणारे, आणि मुलं फेऱ्या मारतात म्हणून त्यावर पैसे कमावणारे, दोन्ही प्रकारचे लोक भेटतात.

आता मोबाइल. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. तालुक्याचं कॉलेज जिथे नावानिशी मुलं ओळखायचं, तिथेही आता लॉगिन, पासवर्ड, पसंतीक्रम आणि फेऱ्या. आश्रमशाळेत यावर निघालेला तोडगा सगळ्यांना ठाऊक आहे. एक कर्मचारी किंवा बाहेरचा ऑपरेटर रात्री बसून चाळीस अर्ज भरतो. मोबाइल नंबर सगळ्यांना आपलाच, ई-मेल एकच, पासवर्ड त्याच्या वहीत. पहिल्या फेरीत मुलगी अडीचशे किलोमीटरवरच्या कॉलेजात लागते, कारण पसंतीक्रम त्यानं भरलेला. तिला कळतं तेव्हा दुसरी फेरी उलटून गेलेली असते. त्या माणसाचा यात दोष फारसा नाही, तो बिचारा मदतच करत होता. दोष हा की मुलांनी अर्ज भरायला शिकणं हेच शिक्षण आहे, असं कुणी मानलेलं नाही.

सिमकार्डाचं गणित मुलांना सांगायलाच हवं. रिचार्ज संपला, नव्वद दिवस वापर झाला नाही, की क्रमांक बंद होऊ शकतो आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या माणसाला दिला जातो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब तिकडे नवं सिम घेतं. आधारला, बँकेला, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलला जुनाच नंबर चिकटलेला राहतो. म्हणून घरातला एक नंबर 'कागदांचा नंबर' ठरवायचा, तो कधी मरू द्यायचा नाही, आणि बदललाच तर आधी आधार केंद्र, मग बँक, मग पोर्टल, या क्रमानं सगळीकडे बदलायचा. नववीच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येक मुलानं स्वतःचं एक ई-मेल खातं उघडावं, पासवर्ड आपल्या वहीत मराठीत खूण करून लिहावा आणि महिन्यानंतर तो न बघता पुन्हा उघडून दाखवावा. हा महिना महत्त्वाचा. खातं उघडणं सगळ्यांना जमतं. महिन्यानंतर आत शिरणं निम्म्यांना जमत नाही.

बँकेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या विभागाचे बहुतेक पैसे आता थेट खात्यात जातात. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं खातं चालवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. तरी शाखा पालकाशिवाय उघडत नाहीत आणि पालक भट्टीवर असतो. यावर प्रकल्प अधिकाऱ्यानं शाखा व्यवस्थापकाला आधी पत्र देऊन शाळेतच एक दिवस ठरवून घेणं हा उपाय आहे. पुढचे खड्डे तीन. अज्ञानाचं खातं अठराव्या वर्षी नवी सही आणि नवं केवायसी मागतं, आणि तोवर व्यवहार अडतात. हे वय बारावी किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात येतं, म्हणजे शिष्यवृत्तीच्या ऐन वेळी. दुसरं, थेट लाभाचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. मुलानं मध्येच कुठे मोबाइलवरून दुसरं खातं उघडलं आणि 'होय' दाबलं, की पैसे तिकडे वळतात आणि मुलगा जुन्या पासबुकात महिनोन्महिने शोधत बसतो. तिसरं, दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. उपाय साधा आहे. सहा महिन्यांतून एकदा पन्नास रुपये भरायचे, काढायचे, पासबुक छापून आणायचं. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी वर्गातली दहा-दहा मुलं घेऊन गेलं तर वर्षात सगळ्यांची फेरी होते.

गावातल्या बीसीकडे, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडे, अंगठा देताना काय पाहायचं, हे तर सराव करूनच शिकवावं. अंगठा एकदा लागला आणि 'फेल झालं, परत लाव' म्हटलं, की दुसऱ्यांदा लावण्याआधी आधीच्या व्यवहाराची पावती किंवा शिल्लक मागायची. कष्टानं बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे यंत्र खरंच नाकारतं आणि त्याचाच फायदा घेतला जातो. आणि एक नवं संकट. 'तुझं खातं महिनाभर दे, दोन हजार देतो' म्हणणारे लोक आता पाड्यांपर्यंत पोचले आहेत. ते खातं सायबर फसवणुकीच्या पैशाला वाट म्हणून वापरलं जातं आणि पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ हवा.

इथे थोडं भाषेकडे वळतो, कारण बँकेच्या खिडकीवर भाषाच आड येते. कारकून भराभर सांगतो 'सत्त्याण्णव, त्रेपन्न, अडुसष्ट' आणि मुलगा लिहितो ७९, ३५, ८६. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. गोंडी, कोलामी या द्राविडी कुळातल्या भाषा, कोरकू तर मुंडा कुळातली. या घरांतून आलेल्या मुलाला हा उलटा खेळ पाचवी-सहावीपर्यंत छळतो आणि पुढेही घाईच्या क्षणी तो डोकं वर काढतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा शहरांत मोठी थट्टा झाली. धडगाव, धारणी किंवा भामरागडच्या वर्गात उभ्या राहणाऱ्याला त्यात थट्टेसारखं काही दिसलं नसतं. मोबाइल नंबर आणि खातं क्रमांक एकेक अंक सुटा करून घ्यायचा, मग तोच सुटा परत बोलून दाखवायचा, हा सराव आठवीत रोज दोन मिनिटं केला तरी पुरे. उंदी, रंड, मुंड, नालुंग असं गोंडीत मोजत मोजत केला तर आणखी बरं. मुलं आपल्या भाषेत मोजताना चुकत नाहीत.

भाषेचं हे एकच टोक झालं. खरी अडचण सरकारी मराठीची आहे. 'सदर', 'उपरोक्त', 'अर्जदाराचे पाल्य', 'हयात', 'अज्ञान पालनकर्ता' हे शब्द घरी मराठी बोलणाऱ्या मुलालाही कळत नाहीत. प्रत्येक प्रकल्पानं आपल्या भागातल्या भाषेत अशा दोनशे शब्दांची वही करून घ्यावी. ती तज्ज्ञांनी बसून करू नये. नववीच्या मुलांनी आणि गावातल्या जाणत्या माणसांनी मिळून करावी. अर्जातला शब्द, सोपी मराठी, आपली भाषा, आणि समोर खरा अर्ज चिकटवलेला. तारीख, सही, अंगठा, साक्षीदार, शपथपत्र या शब्दांना आपल्या भाषेत काय म्हणायचं यावर जो वाद होतो, तोच धडा.

पोलीस भरतीचं उदाहरण इथे चपखल बसतं. मुलं १६०० मीटर, मुली ८०० मीटर सहज मारतात, गोळा आणि १०० मीटरही. मैदानाच्या ५० गुणांत त्यांना फारसं कुणी मागे टाकत नाही. लेखीचे १०० गुण अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण यांत वाटलेले असतात. गोंडी बोलणारा मुलगा मराठीच्या समासात आणि प्रयोगात गळतो. गावोगावी भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं दिसतात, पण संध्याकाळी व्याकरण करून घेणारं कुणी दिसत नाही. सकाळच्या मैदानाइतकीच संध्याकाळची एक तासाची लेखी तयारी, तीही आठवीपासून, असं ठरवलं तर खर्च कागद-पेनाचाच आहे.

आरोग्याचे दोनच मुद्दे घेतो, बाकीचे आरोग्य विभागाचे लोक आमच्याहून चांगले सांगतील.

सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. १ जुलै २०२३ पासून देशभर तपासणीची मोहीम सुरू आहे, मुलांच्या हाती कार्डं येताहेत. कार्ड मिळालं पण त्यावरचा अर्थ कळला नाही, तर ते पेटीच्या तळाशी जातं. एएस म्हणजे वाहक, तो आजारी नसतो, पळू शकतो, नोकरी करू शकतो. एसएस म्हणजे आजार : भरपूर पाणी, थंडी टाळणं, डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकवणं, ताप किंवा असह्य अंगदुखी आली की थांबायचं नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते. 'एक झालं, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब लोक करतात, तो चूक. हे नववीत जीवशास्त्राच्या तासाला फासे किंवा दोन रंगांच्या बिया टाकून शिकवता येतं. मोहाच्या बिया आणि गुंजा घेतल्या तर दहा मिनिटांत वर्गाला कळतं. पहिली तपासणी चाळणी असते, पक्की खात्री इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या तपासण्यांनी होते. ती झालेली आहे की नाही, हे मुलानं विचारायला शिकलं पाहिजे.

दुसरा मुद्दा मण्यारीचा. पावसाळ्यात मुलं फरशीवर झोपतात. मण्यार रात्री हिंडते, दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठतं, उलटी होते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. याला 'रात्रीचं जेवण बाधलं' म्हणून ओवा चारत बसलं की वेळ जाते. ही लक्षणं दिसली की १०८ ला फोन, मूल चालवायचं नाही, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय फळीला आधार देऊन स्थिर ठेवायचा. आणि रोजची काळजी म्हणून मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचायची. नुसती लटकणारी मच्छरदाणी डास अडवत नाही, साप तर नाहीच. सर्वांत जवळ प्रतिविष कुठे आहे हे वसतिगृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावं, आणि ते जूनमध्ये एकदा फोन करून खरं आहे का ते मुलांनीच तपासावं.

दहावीनंतरच्या वाटा आता थोडक्यात. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीनं अकरावी मिळते आणि पुरवणी परीक्षा लगेच पावसाळ्यात होते. जास्त राहिले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. शाळा मध्येच सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा द्यायला १७ नंबरचा अर्ज आहे, पण तो परीक्षेच्या कित्येक महिने आधी भरायचा असतो. निकाल लागून नापास झालेला मुलगा तीन दिवसांत मुकादमाबरोबर निघून जातो. म्हणून ही माहिती निकालाच्या दिवशी देऊन उपयोग नाही, दहावीच्या दिवाळीआधीच द्यायची. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला दहावीत विज्ञान-गणित लागतं, वायरमनला आठवी पासही चालतं. दोन्ही दोन वर्षांचे. हा फरक माहीत नसल्यानं दहावी नापास मुलगा आयटीआयचं दारच ठोठावत नाही.

शहरात गेलेल्या, पण वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वयम् योजना आहे, ती चांगली आहे. पण तिचे पैसे हप्त्यानं येतात आणि घरमालक भाडं महिन्याला मागतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, हे विसरलं की दुसऱ्या वर्षाचा हप्ताच थांबतो. म्हणून दहावीतल्या एका तासिकेत वहीवर बारा महिन्यांचे रकाने पाडून पैसे कधी येतील आणि कधी जातील ते मांडायला लावावं. पहिले चार महिने कोरडे आहेत असंच धरून. त्या चार महिन्यांसाठी काय करायचं, याचं उत्तर मुलांकडे आमच्यापेक्षा बरं निघतं : कुणी मामाकडे राहू म्हणतं, कुणी सुट्टीत मजुरी करून ठेवू म्हणतं, तिघं मिळून खोली घ्यायचं ठरतं.

सगळीच मुलं शहरात जाणार नाहीत, जाऊही नयेत. वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढासारख्या गावाला सामूहिक वनहक्क मिळून दीड दशक उलटलं. तेंदू आणि बांबूचे लिलाव ग्रामसभा स्वतः करतात, पेसा, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो. या सगळ्याचा हिशेब ठेवायला गावात दहावी झालेली मुलं हवीत. तेंदूपानांचा प्रमाण बोरा म्हणजे १००० पुडे. मजुराच्या कार्डावर रोजचे पुडे, फडीवरच्या, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागेवरच्या, वहीत त्यांची बेरीज, ठेकेदाराच्या वहीत दुसरीच बेरीज. या तिन्हींचा मेळ घालणं हे नववीचं गणित नाही तर काय? मोहफुलं पायलीनं विकली जातात आणि व्यापारी पुढे किलोनं विकतो. एक पायली ओली फुलं तोला, वाळवा, पुन्हा तोला, वाळलेली पायलीत भरून पुन्हा तोला. फेब्रुवारी-मार्चचा हा प्रयोग प्रत्येक शाळेत व्हावा. त्यातून भाव काय मागायचा ते मुलं घरी सांगतील. ग्रामसभेचा ठराव लिहिणं, कोरम मोजणं, कोषाचं पासबुक वाचून दाखवणं हेही तासिकेचे विषय.

वेळापत्रकाचा मुद्दा. वर्षात पस्तीस आठवडे धरले तर सत्तर तासिका होतात. आठवीत कागद, अंक आणि आरोग्य. नववीत बँक, मोबाइल, वंशावळ. दहावीत दिवाळीपर्यंत पुढच्या वाटा आणि अर्जांचा सराव, नंतर अभ्यासाला मोकळं सोडावं. होळी बहुतेक वर्षी परीक्षेच्या दिवसांत किंवा तोंडावर येते. सातपुड्यात भोंगऱ्या बाजार, मेळघाटात फगवा, मुलं घरी जाणारच. कुंपण घालून अडवलेली मुलं रात्री पळून जातात आणि मग परतच येत नाहीत. दोन दिवसांची सुट्टी आणि नेण्या-आणण्याची गाडी ठरवून द्या, मुलं पेपरला हजर होतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. मुलाचं काम जिथे, तिथे शाळा, एवढाच त्यातला हिशेब होता.

तासिका कुणी घ्यायच्या? नवी भरती मागत नाही. शाळेतल्या एका शिक्षकाचा आठवड्याचा इतर भार दोन तासिकांनी कमी करा आणि त्याला उन्हाळ्यात पाच दिवस बँक, तहसील, आधार केंद्र, पडताळणी समिती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष बसवा, वर्गात नको. मात्र दहावीनंतरच्या दोन वर्षांसाठी प्रत्येक प्रकल्पात पाठपुरावा करणारी माणसं लागतील. एका माणसाकडे साठ मुलांच्या वर नकोत. आमच्या अनुभवात मुलं गळतात ती ठरावीक वेळी : निकालानंतरचे पंधरा दिवस, प्रवेशाच्या फेऱ्या, वसतिगृहातला पहिला महिना, दिवाळीची सुट्टी संपताना, पहिला हप्ता न आल्याचे दिवस, आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी. या सहा वेळी फोन किंवा भेट झालीच पाहिजे, बाकी वर्षभर नाही झाली तरी चालेल. मोजायचं तेही हेच : दहावी झालेल्या मुलांपैकी किती जण दोन वर्षांनी कुठे आहेत, नावानिशी. शिबिरांची संख्या आणि फोटो नकोत.

तूर्त एक गोष्ट याच जूनमध्ये, कुठल्याही शासन निर्णयाची वाट न बघता करता येईल. प्रत्येक मुलाची पत्र्याची पेटी असते. तिच्यात कपडे, साबण, तेलाची बाटली आणि तळाशी घडी घालून ठेवलेले दाखले असतात. तेल सांडतं, पेटीच्या सांध्यातून पाणी शिरतं, घडीवर कागद फाटतो आणि नेमका शिक्का जातो. मुलामागे एक चेन असलेली जाड प्लॅस्टिकची थैली द्या, मूळ कागद घडी न घालता त्यात, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स वेगळ्या, आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायला ते पाच रकान्यांचं पान. लाल पेन वर्गात असतंच.

आपले,
आदिवासी भागात काम करणारे शिक्षक, आरोग्य कार्यकर्ते आणि ग्रामसभांचे सहकारी